होडी शाकारायच्या आधी एकदा छपरावर बघा



मे महिना अर्धा सरला. १ जूनपासून बंदी. आता जो तो बोट वर काढायच्या गडबडीत आहे. कुणी मशीन उतरवतोय, कुणी जाळी घरी आणतोय, कुणी ताडपत्रीचा भाव विचारतोय. अशा वेळी आम्ही तुम्हाला छपराविषयी सांगायला बसलोय, म्हणजे वेळ चुकली असं वाटेल. पण हीच वेळ आहे. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

सुरुवात समुद्रापासून लांब, ग्वाल्हेरपासून करू.

आपल्या एका सभासदाचा मुलगा हवाई दलात आहे, ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावर. त्याच्या बाळाचं बारसं होतं म्हणून होळी झाल्यावर आम्ही चौघं पंजाब मेलने तिकडे गेलो. राहायची सोय टोपी बाजारात एका मराठी घरात केली होती. ग्वाल्हेरचा लश्कर भाग म्हणजे शिंदे सरकारांची राजधानी. महाराजांबरोबर गेलेली मराठी घरं तिथे दोनशे वर्षांपासून नांदतायत. मराठी बोलतात, मध्येच हिंदी शब्द टाकतात, पण पुरणपोळी आपलीच.

घराचे मालक काका सत्तरीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काका गच्चीवर, नातू खाली शिडी धरून उभा. गच्चीवरून टोपी बाजाराची सगळी छपरं दिसत होती. जिकडे बघावं तिकडे पत्र्याचे मोठमोठे कूलर, मधूनमधून एसीची बाहेरची युनिटं. मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कूलर नसेल तर माणूस घरात टिकायचा नाही.

काका म्हणाले, "आमच्याकडे होळी झाली की कूलर तपासायचा. आधी तपासणी, मग बटण. डब्यात खाली पाणी, वर वीज. दोघं एका घरात राहतात, मग भरवसा कसला करायचा?"

त्यांची पद्धत आम्ही बसून बघितली. नुसतं बटण बंद नाही, पिनच काढून खिशात. म्हणजे खालून कुणी चुकून चालू करायला नको. मग टाकी रिकामी करून घासली. कडेच्या गवताच्या जुन्या ताट्या काढून नव्या लावल्या. पाण्याच्या पंपाची वायर बोटांनी चाचपत शेवटपर्यंत बघितली, कुठे चिरली आहे का. अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला आवळली होती तिथला गंज पॉलिश पेपरने घासून काढला, कारण गंजावर आवळलेली अर्थिंग असून नसल्यासारखी. शेवटी चारी पाय हलवून बघितले. हे सगळं झाल्यावर पायात रबरी चप्पल घालून, कोरड्या हाताने पिन लावली आणि टेस्टरने कूलरच्या अंगाला करंट येतो का ते पाहिलं.

घरातला नियम एकच: चालू कूलरमध्ये पाणी भरायचं नाही. आधी पिन काढायची, मग पाणी. उत्तरेकडे दर उन्हाळ्यात ओल्या हाताने कूलरला हात लावून माणसं दगावतात. टोपी बाजारातल्या त्या घरात चाळीस वर्षांत कुणाला झटका बसला नाही, त्याचं कारण हा नियम.

आमच्यातला एक तांडेल हळूच म्हणाला, "काका एका कूलरला एवढं बघतात. आपण आपल्या छपरावर शेवटचं कधी चढलो?"

कुणी उत्तर दिलं नाही. कारण मागच्या एप्रिलची रात्र सगळ्यांनाच आठवली.

त्या रात्री काय झालं

हे आम्ही आजवर पेजवर लिहिलं नव्हतं. आज लिहितो, कारण चूक आमची होती.

आपल्या बर्फ कारखान्याच्या छपरावर कंडेन्सरच्या पाइपांची रांग आहे. दिवाळीपासून एका पाइपाच्या क्लॅम्पखाली तपकिरी ओघळ दिसत होता. ऑपरेटरने दोनदा सांगितलं. आम्ही म्हणालो, सीझन चालू आहे, बोटी रांगेत आहेत, बर्फ थांबवता येणार नाही, पावसाळ्यात बघू. एप्रिलमध्ये एका पहाटे तीनच्या सुमाराला त्याच क्लॅम्पखाली पाइपाला भोक पडलं आणि अमोनिया सुटला.

ऑपरेटरने मशीन बंद करून व्हॉल्व आवळला म्हणून निभावलं. पण तेव्हा बर्फ घ्यायला आलेल्या दोन मासळीवाल्या वहिनी आणि राखणदार गॅसमध्ये सापडले. डोळे, घसा सगळं जळजळत होतं. तिघांनाही इस्पितळात ठेवावं लागलं. देवाच्या कृपेने तिघंही बरे आहेत. त्यानंतर तीन दिवस बर्फ नव्हता. ज्या बोटींसाठी आम्ही काम पुढे ढकललं होतं, त्याच बोटी बंदरात बसून राहिल्या.

असं दुसरीकडेही घडलंय. जुलै २०२४ मध्ये तमिळनाडूत तुतीकोरीनजवळ मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात अमोनिया पसरून जवळपास तीस कामगार महिलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. बर्फ आणि थंडाव्यावर आपला धंदा उभा आहे, पण तो थंडावा तयार करणारी यंत्रं बहुतेक वेळा डोक्यावर असतात आणि नजरेआड असतात.

आपला शत्रू वेगळा

काकांचा कूलर आपल्याकडे का चालत नाही? कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते. ग्वाल्हेरची उन्हाळी हवा कोरडी, ती पाणी पटापट पिते. आपली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी पाणी कुठून घेणार? म्हणून आपल्याकडे कूलर लावला तर खोली गार होण्याऐवजी चिकट होते आणि लोक एसीकडे वळतात.

तिकडे धूळ आणि ऊन. इकडे खारं वारं. मिठाचा बारीक थर पत्र्यावर बसतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि धातू रात्रंदिवस ओला ठेवतो. त्यात एसीच्या कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. हे बोटवाल्यांना शिकवायला नको. पंख्याजवळ आपण जस्ताच्या प्लेटा लावतो त्या याचसाठी: जस्त खाल्लं जावं आणि पंखा वाचावा. कॉइलमध्ये ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पण तिथे बदलायला प्लेट नाही. पट्ट्यांची पावडर होते आणि एसी गार करायचा बंद होतो.

घरचा एसी

पहिली गोष्ट, महिन्यातून एकदा बाहेरच्या युनिटवर गोडं पाणी मारा. एमसीबी खाली पाडून, साध्या पाइपने, हलक्या धारेने. बोट धुवायचा प्रेशर पंप वापरू नका, पट्ट्या वाकतात. एवढ्यानेच कॉइलचं आयुष्य वाढतं.

दुसरी गोष्ट, ब्रॅकेट. दीड टनाचं बाहेरचं युनिट तीस किलोच्या आसपास भरतं. ते चार बोल्टवर लटकलेलं असतं. रंगाखाली गंज लपतो, म्हणून बोल्टवर पाना लावून बघा. नवे घ्यायचे तर एसएस ३१६ चे घ्या, साधं स्टील किनाऱ्यावर टिकत नाही.

तिसरी गोष्ट, गॅस. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला सांगा, मग भरायला. गळती तपासायला नळीत नायट्रोजन भरतात. कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर त्याला तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमधल्या तेलाला दाबाखाली ऑक्सिजन मिळाला की स्फोट होतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन आपल्या बंदरावर सहज मिळतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव असतं. आर-३२ लिहिलं असेल तर तो पेट घेऊ शकतो. काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट नको. आणि मेन बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट शिल्लक राहतो. झाकण उघडायचं काम मेकॅनिकचं, आपलं नाही.

गरम पाण्याची सोलर टाकी

आता बऱ्याच घरांवर सोलर बसलेत. त्यात चार गोष्टी बघा. टाकीच्या डोक्यावर हवेची नळी असते, ती कधीही बंद करू नका. पक्षी बसतात म्हणून काहीजण तिला बूच मारतात. मग वाफेला वाट राहत नाही आणि टाकी फुगून फुटू शकते. दुसरं, काचेच्या नळ्या रिकाम्या असताना भर उन्हात गार पाणी सोडू नका, काच तडकते. पाणी भरायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तिसरं, बोअरचं पाणी असेल तर आत खडूसारखा थर साचतो, वर्षातून एकदा टाकी धुवा. काही टाक्यांच्या आत मॅग्नेशियमची कांडी असते, तिचं काम आपल्या बोटीच्या जस्तासारखंच. ती संपली की टाकीला गंज लागतो. चौथं, मे महिन्यात हे पाणी चटका बसेल इतकं तापतं. लहान मुलांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

बर्फ कारखान्याचं छप्पर

ज्यांच्या सोसायटीचा किंवा स्वतःचा बर्फ कारखाना आहे त्यांनी हे नीट वाचा.

कॉम्प्रेसर अमोनियाला दाबून गरम करतो. तो गरम गॅस छपरावरच्या पाइपांत येतो, वरून पाणी ठिबकतं, गॅस थंड होऊन पातळ होतो आणि परत खाली जातो. उन्हाळ्यात या पाइपांत १२ ते १४ किलोचा दाब असतो. गाडीच्या टायरात सव्वादोन किलो असतो, यावरून अंदाज करा. एवढा दाब, वरून सतत पाणी, त्यात खारं वारं. पाइप गंजायला आणखी काय लागतं?

गंज सर्वांत आधी कुठे लागतो ते आम्ही पैसे मोजून शिकलो: क्लॅम्पखाली, जोडाच्या वेल्डिंगवर, आणि पाइप जिथे लोखंडी अँगलवर टेकतो तिथे. म्हणजे जिथे पाणी अडतं आणि ब्रश पोचत नाही तिथे. वरून रंग मारलेला पाइप बघून फसू नका. पाइपाची जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मशीन येतं, पाइप न कापता कळतं किती लोखंड उरलंय. बंदीच्या दोन महिन्यांत ते करून घ्या.

पाइपांवर पांढरा थर बसला असेल तर तोही काढा. थरामुळे उष्णता बाहेर जात नाही, दाब वाढतो, वीजबिल वाढतं आणि गंजलेल्या पाइपावर ताणही वाढतो.

सेफ्टी व्हॉल्व तपासा. तो उडाला तर गॅस कुठे जाणार? त्याची नळी छपराच्या वर, माणसांपासून लांब निघायला हवी. बर्फ उचलायच्या फलाटावर नको. अमेरिकेत असे व्हॉल्व साधारण दर पाच वर्षांनी बदलतात. आपल्याकडे व्हॉल्व कधी बसवला हेच कुणाला आठवत नाही. तारीख रंगाने भिंतीवर लिहून ठेवा.

दुरुस्तीत पितळेची किंवा तांब्याची फिटिंग वापरू नका, अमोनिया तांबं खातो. गळतीचा संशय आला तर जुने ऑपरेटर गंधकाची कांडी पेटवून जोडांजवळ फिरवतात. जिथे दाट पांढरा धूर उठतो तिथे गळती. हे जाणत्या माणसाने करायचं काम आहे, आणि तेही बारीक गळतीसाठीच. खोलीत वास भरला असेल तर काडीसुद्धा ओढू नका, कारण कोंडलेला अमोनिया हवेत एका मर्यादेत मिसळला की पेटू शकतो.

आणि गॅस सुटलाच तर? वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळा, मग वाऱ्याच्या तोंडाकडे. वारा कुठून आहे हे कोळ्याला सांगावं लागत नाही, पण पहाटे घाबरलेल्या माणसाला तेही सुचत नाही. म्हणून आम्ही आता छपरावर एक बावटा बांधलाय. ओलं फडकं नाकातोंडाला लावा, अमोनिया पाण्यात विरघळतो. मात्र हे फक्त बाहेर पडण्यापुरतं, आत शिरण्यासाठी नाही. डोळ्यांत गेला तर कमीत कमी पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहा. हवेतल्या गॅसवर पाण्याचा फवारा चालतो, पण खाली साचलेल्या पातळ अमोनियावर पाणी ओतू नका, तो आणखी उकळतो. फोन ११२ किंवा १०८.

चढणारा माणूस

यंत्र तपासताना माणूस गेला तर काय उपयोग? सिमेंटचा पत्रा दिसतो भक्कम, पण जुना झाला की पाय ठेवताच फुटतो. पत्र्यावर कधीही थेट पाय ठेवू नका. खाली जिथे लोखंडी आडवे अँगल आहेत तिथे, म्हणजे बोल्टच्या ओळीवर, फळी टाकून तिच्यावरून चाला. पट्टा कमरेचा नको, पूर्ण अंगाचा घ्या, आणि दोर भक्कम ठिकाणी बांधा. गाठ आपल्याला येते, दोर घरात पडलेला असतो, तरी बांधत कुणी नाही. शिडी जितकी उंच, त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी भिंतीपासून बाहेर ठेवा. लोखंडी शिडी विजेच्या तारेखाली नेऊ नका. पाऊस, वारा किंवा दारू, यांतलं एकही असेल तर चढणं नाही. आणि एकट्याने तर मुळीच नाही. काकांचा नातू शिडी धरून उभा होता तसा खाली एक जण हवाच.

घरात आरसीसीबी बसवा, ३० मिलिअँपियरचा. झटका बसला तर तो क्षणात लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो निकामी आहे. कुणाला करंट चिकटला तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा.

मग मे महिन्यातच का?

३ जून २०२० आठवतोय? निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा जून लागून दोनच दिवस झाले होते. पत्रे आणि टाक्या गावभर उडाल्या. पुढच्या वर्षी तौक्ते तर मेच्या मध्यावरच आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. म्हणजे "बंदी लागली की निवांत बघू" हा हिशोब चुकतो. छपरावरचं जे उडू शकतं ते मे संपायच्या आत आवळून झालं पाहिजे. सैल युनिट वाऱ्यात सुटलं तर ते आपलं नुकसान करून थांबत नाही, शेजाऱ्याच्या घरात शिरतं.

म्हणून वर्षाचं साधं गणित ठेवा.

३१ मेच्या आत: सगळे बोल्ट, ब्रॅकेट, सोलरचे पाय, टाक्या, पत्र्यांचे हूक आवळा. अर्थिंग बघा. पाऊस लागला की छपरावर शेवाळ येतं, मग चढणं धोक्याचं.

जून-जुलै, बंदीत: बर्फ कारखाना थांबवून पूर्ण काम. पाइपाची जाडी, व्हॉल्व, थर, रंग. छपरावरचं काम उघडीप बघून.

नारळी पौर्णिमेच्या आधी: रिकामं चालवून दाब आणि गळती तपासा, मगच बर्फ लावा.

दिवाळीला: एक फेरी. तपकिरी ओघळ दिसला तर त्याच आठवड्यात काम.

होळीला: उन्हाळ्याआधी एसीची सर्व्हिसिंग.

आपल्या कारखान्याबाबत कमिटीने दोन गोष्टी ठरवल्यात. एक, छपराची तपासणी झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय ऑगस्टमध्ये बर्फ निघणार नाही, मग बोटी कितीही रांगेत असोत. दोन, ऑपरेटरने "थांबवा" म्हटलं की मशीन थांबणार. त्याला कुणी, अगदी चेअरमननेही, "उद्या बघू" म्हणायचं नाही.

ज्या दोन वहिनी त्या रात्री गॅसमध्ये सापडल्या, त्या आजही पहाटे तीनलाच बर्फ घ्यायला येतात. त्यांना दुसरा कारखाना जवळ नाही. त्यांनी आमच्याकडे काही मागितलं नाही. एकदा एवढंच विचारलं, "वरचं बघितलंत ना रे दादांनो?"

या वर्षी त्यांना "हो" म्हणता यावं, एवढंच आमचं मागणं आहे. ज्यांच्या घरी जाणता मेकॅनिक मिळत नाही त्यांनी ऑफिसमध्ये नाव द्या, वाडीवार एकत्र माणूस बोलावू, खर्चही वाटून जाईल. आणि हे वाचून झालं की घराबाहेर या आणि एकदा वर बघा.

जय समुद्र. जय मच्छीमार.